पान नंबर सोडा, खूण धरा: कॅसँड्रात याद्यांची पानं उलटायची कशी

"अरे झिला, एक पेटी दोनदा दिसता आणि दुसरी खंयच नाय. ह्यो कसलो हिशेब?"

एप्रिल ऐन भरात होता, वाशीला जाणारे ट्रक भरत होते आणि विजयदुर्गाकडचे एक बागायतदार काका फोनवर होते. मी देवगडात बसून आंबा वाहतुकीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सहा संकलन केंद्रं आहेत: देवगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, राजापूर आणि पावस. प्रत्येक पेटीवर लेबल, लेबल स्कॅन झालं की एक नोंद. काका मोबाइलवर यादी चाळत होते. पहिल्या पानाच्या तळाला जी पेटी होती, तीच दुसऱ्या पानाच्या डोक्यावर आली होती. तिचं कारण मला दहा मिनिटांत कळलं. "खंयच नाय" वाली पेटी शोधायला मात्र दोन दिवस गेले, कारण तिचा आजार वेगळाच निघाला.

पुढे जे लिहिलंय ते त्या दोन दिवसांचं आणि नंतरच्या दोन हंगामांचं आहे. उदाहरणं अपाची कॅसँड्राची, म्हणजे अनेक मशीनांवर वाटून चालणाऱ्या एका डेटाबेसची आहेत, कारण आम्ही तेच वापरतो. एवढ्या नोंदींना एका मशीनवर चालणारं साधं पोस्टग्रेस पुरलं असतं. पण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडे गाड्यांच्या जीपीएससाठी कॅसँड्राचा क्लस्टर, म्हणजे मशीनांचा गट, आधीच चालू होता, आणि "तिथेच टाका की" म्हटल्यावर आम्ही टाकलं. तुमच्याकडे निवड असेल तर आधी तिचा विचार करा. कोडचे तुकडे इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिलेत, मशीनला ते रोमनमध्येच द्यावे लागतील.

पायरी १: डेटा कुठे पडतो ते आधी समजून घ्या

कॅसँड्रात प्रत्येक ओळीची प्रायमरी की दोन भागांची असते. पहिला भाग पार्टिशन की. ज्या ओळींची ही की एकच, त्यांचा गठ्ठा म्हणजे एक पार्टिशन. त्या कीवर मर्मर३ नावाचं हॅश फंक्शन (मजकुरावरून ठरावीक आकडा काढणारं गणित) चालतं आणि एक टोकन मिळतो, ६४ बिटांचा पूर्णांक. टोकनांचा हा सगळा पल्ला नोडांमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनांमध्ये, वाटलेला असतो, म्हणून टोकन कळला की ओळ कुठल्या नोडवर आहे ते कळतं. दुसरा भाग क्लस्टरिंग कॉलमांचा. एका पार्टिशनच्या आत ओळी या कॉलमांच्या क्रमाने लावून ठेवलेल्या असतात.

यातून निघणारी गोष्ट मनात पक्की बसवा: क्रम फक्त पार्टिशनच्या आत असतो. दोन पार्टिशनांमध्ये जो क्रम दिसतो तो टोकनांचा, म्हणजे हॅशचा, आणि माणसाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. देवगडनंतर मालवण येईल की पावस, हे हॅश ठरवतं. अख्ख्या टेबलावर "नवीन आधी" असा क्रम मागायची सोयच नाही.

पायरी २: "इतक्या ओळी सोडून पुढच्या दे" हे का महाग पडतं

सहा केंद्रांवर सहा वह्या आहेत असं समजा. प्रत्येक वहीत त्या केंद्राच्या नोंदी वेळेप्रमाणे, नवीन वर. तुम्ही देवगडच्या कचेरीत बसून सगळ्या केंद्रांची मिळून एक यादी मागता, पानाला ५० नोंदी, आणि तुम्हाला ३४१ वं पान हवंय. म्हणजे पहिल्या १७,००० सोडून पुढच्या ५०.

आता या १७,००० मध्ये मालवणच्या किती आणि राजापूरच्या किती? कोणालाच ठाऊक नाही. एखादे वेळी सगळ्याच पावसच्या असतील. म्हणून प्रत्येक केंद्राला आपल्या वहीतल्या वरच्या १७,०५० नोंदी पाठवाव्याच लागतात. सहा केंद्रांच्या मिळून १,०२,३०० नोंदी कचेरीत येणार, तिथे एकत्र लावल्या जाणार, आणि ५० ठेवून बाकीच्या टाकून दिल्या जाणार. पान जितकं खोल, तितका कचरा जास्त. इलॅस्टिकसर्च सुरुवातीपासूनच्या १०,००० निकालांपलीकडे अशी उडी मारायला मूळ सेटिंगमध्ये नकार देतं, तो याच कारणाने. मोंगोडीबीच्या शार्ड केलेल्या (तुकड्यांत वाटलेल्या) क्लस्टरवर स्किपचा आकडा वाढला की हाच भार बसतो.

कॅसँड्राच्या क्वेरी भाषेत ऑफसेट, म्हणजे "इतक्या सोड" सांगायची सोयच ठेवलेली नव्हती. पण नवशिका माणूस वाट काढतोच. मी काढली होती: लिमिट १७,०५० लावायचं आणि पहिल्या १७,००० ओळी आपल्या प्रोग्रॅममध्ये फेकायच्या. ड्रायव्हर, म्हणजे आपला प्रोग्रॅम आणि कॅसँड्रा यांना जोडणारी लायब्ररी, एका खेपेला मुळात ५,००० ओळी आणतो, म्हणजे प्रत्येक केंद्राच्या चार खेपा. एका पानासाठी चोवीस खेपा. आणि मी म्हणत होतो, नेट स्लो आहे!

वेग सोडा, बरोबरही नव्हतं ते. काकांनी पहिलं पान पाहिलं. ते वाचेपर्यंत केंद्रावर एक नवी पेटी स्कॅन झाली आणि यादीच्या माथ्यावर बसली. बाकी सगळ्या नोंदी एकेक जागा खाली सरकल्या. पन्नासावी आता एक्कावन्नावी झाली, आणि "पहिल्या ५० सोड" म्हटल्यावर तीच पुन्हा समोर आली. उलट मधल्या वेळात एखादी नोंद रद्द झाली असती तर एक पेटी दोन पानांच्या फटीतून गळली असती.

तेव्हा "किती सोडायच्या" हा प्रश्नच टाकून द्यायचा. विचारायचं ते "शेवटी कुठे थांबलो होतो". वही वाचताना आपण दोरा ठेवतो तसा. वर कितीही नव्या नोंदी चढल्या तरी दोरा ज्या नोंदीपाशी आहे तिथेच राहतो. या लेखात मी त्याला खूण म्हणतो.

पायरी ३: टेबल स्क्रीनवरून ठरवा

माझं पहिलं टेबल केंद्र आणि हंगाम या पार्टिशन कीवर होतं, क्लस्टरिंगला फक्त वेळ. तिथेच ती हरवलेली पेटी होती.

कॅसँड्रात इन्सर्ट आणि अपडेट वेगळे नाहीत. त्याच प्रायमरी कीवर दुसरी नोंद आली की ती पहिलीवर लिहिली जाते, मुकाट्याने, काहीही तक्रार न करता. आमचं मोबाइल ॲप वेळ सेकंदापर्यंतच पाठवत होतं. एका केंद्रावर दोन पोरं दोन स्कॅनर घेऊन उभी, एकाच सेकंदात दोन पेट्या, आणि दुसरीने पहिलीला गिळलं. पानांचा यात काही दोष नव्हता. पण लक्षात आलं की जी की दोन नोंदींना वेगळं ठेवू शकत नाही, ती खूण म्हणूनही कुचकामी आहे. दोन्हींना एकच गोष्ट लागते: प्रत्येक ओळीची निराळी, न बदलणारी जागा.

आत्ताचं टेबल असं आहे:

क्रिएट टेबल पेटी_नोंदी (
  केंद्र टेक्स्ट,
  दिवस डेट,
  वेळ टाइमस्टँप,
  लेबल टेक्स्ट,
  बागायतदार टेक्स्ट,
  डझन इंट,
  प्रायमरी की ((केंद्र, दिवस), वेळ, लेबल)
) विथ क्लस्टरिंग ऑर्डर बाय (वेळ डेस्क, लेबल डेस्क);

"डेस्क" म्हणजे उतरता क्रम, नवीन वर. लेबल सहाही केंद्रांत मिळून एकमेव असतं. त्याचा उपयोग पायरी ७ मध्ये दिसेल. लेबलासारखं काही नसेल तर वेळेच्या जागी टाइमयूयूआयडी हा प्रकार घ्या, त्यात वेळ आणि वेगळेपण दोन्ही असतं.

दिवस पार्टिशन कीमध्ये का आणला? हंगामभराच्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये साठल्या तर तो फुगत जातो आणि त्याचा भार त्याच ठरावीक नोडांवर पडत राहतो. एक पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे. आमचं दिवसावर भागतं. तुमच्याकडे नोंदी फार असतील तर तासावर तोडा.

आणि इथे एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडून झालोय. कॅसँड्राचा टाइमस्टँप जागतिक वेळेत साठवला जातो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पेट्या तर रात्रभर चढतात. दिवस जर सरळ टाइमस्टँपवरून काढला तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या पेट्या आदल्या तारखेत जाऊन बसतात. दिवस ॲपमध्ये भारतीय वेळेने काढून मगच लिहा, आणि वाचतानाही तेच फंक्शन वापरा.

पायरी ४: ड्रायव्हरची पानं वापरा, पण लिमिट आणि फेच साइझ यांत गल्लत नको

२०१३ मध्ये आलेल्या कॅसँड्रा २.० पासून पानं पाडायचं काम सर्व्हर आणि ड्रायव्हर आपसांत करतात. फेच साइझ म्हणजे एका खेपेला किती ओळी. लिमिट म्हणजे सगळ्या खेपा मिळून जास्तीत जास्त किती. लिमिट ५० लावलं की पन्नासावर क्वेरी संपली, पुढचं पान नाहीच. फेच साइझ ५० लावली की पन्नास ओळी येतात, आणि सोबत पेजिंग स्टेट नावाची बाइटांची एक पुडी येते. पुढच्या वेळी तीच क्वेरी त्या पुडीसकट पाठवायची, ड्रायव्हर तिथून पुढे नेतो.

१. क्वेरीला फेच साइझ ५० द्या.
२. पहिल्या विनंतीत पेजिंग स्टेट नसतो. उत्तरातल्या ओळी दाखवा आणि स्टेट जपून ठेवा.
३. "पुढे" दाबलं की तीच क्वेरी, तेच पॅरामीटर, त्यात जपलेला स्टेट.
४. उत्तरात स्टेट रिकामा आला की यादी संपली.

दुसऱ्या ओळीत एक मेख आहे. निकालावर साधं लूप फिरवलं की ड्रायव्हर पन्नास संपल्यावर स्वतःहून पुढचे पन्नास आणतो, मग त्यापुढचे, असं शेवटपर्यंत. रात्रीचा अहवाल काढताना हे फार सोयीचं. वेब स्क्रीनसाठी मात्र घात, पन्नास मागून अख्खा दिवस ओढून आणाल. पायथन ड्रायव्हरमध्ये फक्त हातात आलेल्या ओळी वाचायची वेगळी सोय आहे, जावात "आणखी न आणता किती उपलब्ध आहेत" हे विचारता येतं. तेवढ्याच वाचा आणि थांबा.

हा स्टेट म्हणजे सर्व्हरवर उघडी राहिलेली फाइल नव्हे. कुठे थांबलो याची माहिती त्या पुडीतच असते, त्यामुळे पुढची विनंती दुसऱ्या नोडकडे गेली तरी चालतं. कुडाळात वीज गेली, राउटर बंद पडला, अर्ध्या तासाने माणसाने "पुढे" दाबलं, तरीही चालतं. पण हा डेटाचा गोठवलेला फोटो नाही. दोन पानांच्या मधे जे बदललं ते बदललेलंच दिसेल. एका क्षणाचं चित्र हवंच असेल तर कॉक्रोचडीबीसारख्या डेटाबेसमध्ये "अमुक वेळी होता तसा डेटा दे" असं सांगता येतं. कॅसँड्रात ती सोय नाही.

पुडी ब्राउझरला देणार असाल तर तशीच उघडी देऊ नका. तिच्या आत कीच्या किमती असतात, आणि बेस६४ म्हणजे काही कुलूप नव्हे. कोणी तिच्यात फेरफार करून दुसऱ्याच्या नोंदी वाचायचा प्रयत्न करू शकतो. सही करा किंवा एन्क्रिप्ट करा. आणि ती क्वेरीशी बांधलेली असते: केंद्र बदललं, गाळणी (फिल्टर) बदलली, की जुनी पुडी फेकायची. प्रोटोकॉलची आवृत्ती बदलल्यावर जुनी पुडी चालेलच असं नाही, म्हणून ती साठवून ठेवायची किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायची वस्तू नाही.

पायरी ५: रिकामं पान म्हणजे शेवट नव्हे

"पन्नासपेक्षा कमी ओळी आल्या, म्हणजे शेवटचं पान." हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, कोडमध्ये, कॉमेंटसकट. चूक आहे. जाळं रिकामं वर आलं म्हणून दर्यातले मासे संपले असं कोणी म्हणत नाही.

ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे एका खेपेत जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचला जातो, आणि गाळणी वाचल्यानंतर लागते. वाचलेल्या एमबीत तुमच्या अटीत बसणारं काहीच नसेल तर पान रिकामं येतं, पण पुढची खूण सोबत असते. त्याच्या लिमिटमध्येही मोजल्या जातात त्या वाचलेल्या ओळी, गाळून उरलेल्या नव्हेत. उलटही होतं: शेवटच्या ओळीवरच लिमिट संपलं तरी खूण येते आणि तिच्यामागे काही नसतं. कॅसँड्रातही मागितल्यापेक्षा कमी ओळींचं पान येऊ शकतं. म्हणून नियम एकच. खूण आहे तोवर यादी आहे, खूण नाही तर यादी संपली. ओळी मोजू नका.

पायरी ६: स्वतःची खूण

पेजिंग स्टेट एका पार्टिशनच्या यादीला ठीक. पण लिंक पाठवायची असेल, तारीख ओलांडायची असेल किंवा अनेक केंद्रं एकत्र करायची असतील तर खूण आपली आपण बनवावी. शेवटच्या दाखवलेल्या ओळीची वेळ आणि लेबल, बस.

सिलेक्ट * फ्रॉम पेटी_नोंदी
व्हेअर केंद्र = ? अँड दिवस = ?
अँड (वेळ, लेबल) < (?, ?)
लिमिट ५१;

नवीन आधी, म्हणून "पेक्षा कमी". दोन कॉलमांची तुलना जोडीने करायची, आणि दोन्ही कॉलम एकाच दिशेने लावलेले असले की ही तुलना सरळ चालते. "वेळ कमी आणि लेबलही कमी" असं सुटं लिहिलं तर कॅसँड्रा क्वेरी नाकारतं, आणि ते बरंच करतं. पोस्टग्रेसमध्ये तीच सुटी अट चालून जाते आणि गुपचूप ओळी गाळते.

एक्कावन्नावी ओळ दाखवायची नाही. ती आली तर "पुढे" बटण दाखवायचं, नाही आली तर नाही. खूण मात्र पन्नासाव्या ओळीवरून घ्यायची. एक्कावन्नाव्या ओळीवरून घेतली तर पुढचं पान बावन्नाव्यापासून सुरू होतं आणि एक पेटी कायमची गुल. (हो, केलंय.)

खुणेत वेळ मिलिसेकंदांसकट ठेवा. कॅसँड्राचा टाइमस्टँप मिलिसेकंदांचा आहे. पडद्यावर दाखवायला छाटलेली वेळच खुणेत गेली तर त्या सेकंदातल्या उरलेल्या पेट्या गळतात.

आता तारखेचा उंबरठा. आजच्या पार्टिशनमध्ये २० ओळी उरल्या, पानाला ५० हव्यात. मग उरलेल्या ३० कालच्या पार्टिशनमधून. खुणेत दिवसही घाला आणि एक लूप: जागा उरली की एक दिवस मागे. मार्च ते मे हे छान चालतं. मग जूनमध्ये पाऊस लागतो, आणि जानेवारीत कोणीतरी यादी उघडतो. लूप एकेक रिकामा दिवस मागे जात राहतो, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर, थेट मेपर्यंत. दोनशेहून जास्त क्वेऱ्या, हाती काही नाही. मासेमारी बंदीत रोज बंदरावर जाऊन "आज लिलाव आहे का?" विचारण्यातला प्रकार. उपाय म्हणून एक छोटं टेबल ठेवा, पार्टिशन की केंद्र, क्लस्टरिंग दिवस, त्यात ज्या दिवशी नोंद झाली तेवढ्याच तारखा. आधी त्याला विचारायचं, मग थेट त्या दिवसावर उडी.

पायरी ७: सहा केंद्रं, एक यादी

पहिला मोह होतो तो सगळी केंद्रं एका इन अटीत घालून ऑर्डर बाय लावण्याचा. पार्टिशन कीवर इन आणि सोबत ऑर्डर बाय असेल तर कॅसँड्रा सांगतं की अशा क्वेरीची पानं पाडता येत नाहीत, एक तर क्रम सोडा किंवा पेजिंग बंद करा. पेजिंग बंद करू नका. क्वेरी सहा करा.

लेबल सगळीकडे मिळून एकमेव आहे, म्हणून वेळ आणि लेबल ही जोडी सहाही केंद्रांवर एकच क्रम ठरवते. एकच खूण सगळ्यांना द्यायची: "या जोडीच्या मागच्या ५१ दे." सहा विनंत्या एकाच वेळी सोडायच्या, आलेल्या सहा याद्या आधीच क्रमात असतात, त्या दोरी वळल्यासारख्या एकत्र करायच्या, वरच्या ५० ठेवायच्या. एका पानाला जास्तीत जास्त ३०६ ओळी. पहिल्या पानालाही ३०६ आणि ३४१ व्यालाही ३०६. पायरी २ मधले १,०२,३०० आठवा.

एखादं केंद्र वेळेत उत्तर देत नसेल तर? त्याला वगळून पान दाखवलं तर खूण पुढे सरकते आणि त्या केंद्राच्या नोंदी मागे राहतात. आम्ही अशा वेळी पान दाखवतच नाही, "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतो. हिशेबाच्या यादीला हेच योग्य वाटतं. नुसती झलक दाखवणाऱ्या स्क्रीनला वेगळा निर्णय चालेल.

पायरी ८: उशिरा पोचणाऱ्या नोंदी

ही पायरी पुस्तकी उदाहरणांत क्वचित असते, आणि कोकणात रोजची आहे. बागेत रेंज नाही. फोनमध्ये नोंद होते सकाळी दहाला, फोन गावात येऊन नोंद पोचते दुपारी चारला. तिची वेळ दहाचीच. तोवर कचेरीतला माणूस यादी वाचत दहाच्या मागे गेलेला असतो. नवी नोंद त्याच्या खुणेच्या वरच्या बाजूला जाऊन बसते. तो कितीही "पुढे" दाबो, ती त्याला दिसायची नाही.

बागायतदाराला स्कॅनची वेळ हवी असते. हिशेबाला मात्र "मागच्या वेळेनंतर नवीन काय आलं" ते हवं. या दोन याद्या वेगळ्या आहेत आणि त्यांना दोन टेबलं लागतात. कॅसँड्रात एकच माहिती दोनदा लिहिण्याची लाज बाळगू नये. हिशेबाच्या टेबलात क्रम लावायचा तो सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेचा, चढता, आणि दिवसही पोचल्याचा.

लगेच नवीन भानगड उभी राहते. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने लिहिली, पण पोच परत येईपर्यंत रेंज गेली. फोन पुन्हा पाठवतो. पोचल्याची वेळ आता वेगळी, म्हणून की वेगळी, म्हणून नोंद दोनदा! त्यासाठी लेबलाची की असलेलं एक टेबल ठेवलं, त्यात "इफ नॉट एक्झिस्ट्स" (आधी नसेल तरच लिही) लावून पोचल्याची वेळ एकदाच ठरवतो. लेबल आधीच असेल तर नवी वेळ न घेता तीच जुनी वेळ वापरून पुन्हा लिहितो. की तीच, म्हणून ओळही तीच. हा प्रकार साध्या इन्सर्टपेक्षा सावकाश चालतो, पण पेटी स्कॅन करणाऱ्या पोराच्या हाताच्या वेगापुढे तो पुष्कळ झाला.

शिवाय हिशेबाचं वाचन आत्ताच्या क्षणापर्यंत नेत नाही, शेवटचे काही सेकंद सोडतो. दोन ॲप सर्व्हरांची घड्याळं थोडी पुढेमागे असतात, आणि वेळ ठरवून अजून लिहायच्या बाकी असलेल्या नोंदी तेवढ्यात जागेवर बसतात.

वाचन-लेखन दोन्ही लोकल कोरमने, म्हणजे जवळच्या डेटा सेंटरमधल्या बहुसंख्य प्रतींच्या होकाराने करा. प्रत्येक ओळीच्या तीन नोडांवर तीन प्रती असताना दोघांनी लिहिल्याचं आणि दोघांनी वाचल्याचं सांगितलं की निदान एक प्रत दोन्हींत येतेच. "वन" पातळीवर, म्हणजे एकाच प्रतीच्या उत्तरावर, वाचलं तर पहिलं पान एका प्रतीतून आणि दुसरं मागे पडलेल्या प्रतीतून यायची शक्यता असते.

पायरी ९: पुसलेल्या ओळींचा गाळ

आधी आमच्याकडे "ट्रकमध्ये न चढलेल्या पेट्या" अशी यादी होती. पेटी चढली की ओळ डिलीट. कॅसँड्रात डिलीट म्हणजे लगेच पुसणं नव्हे, तिथे टूमस्टोन नावाचा "पुसलं" असा शिक्का लिहिला जातो आणि तो मूळ सेटिंगप्रमाणे निदान १० दिवस राहतो. संध्याकाळी यादीत दहा पेट्या उरलेल्या असायच्या, पण त्या दहा गाठायला दिवसभराचे हजारो टूमस्टोन तुडवावे लागायचे. एका क्वेरीत १,००० ओलांडले की लॉगमध्ये इशारा, १,००,००० ओलांडले की क्वेरीच मोडते. या आकड्यांना वाढवून प्रश्न झाकता येतो. झाकू नका. आम्ही डिलीट बंद केलं आणि स्थितीचा कॉलम ठेवला, जुने दिवस काढायचे तर अख्खा पार्टिशन एका डिलीटने काढतो.

पायरी १०: "पान ३, एकूण २१४" हवंच का?

एकूण आकडा काढायचा तर मोजणी सगळ्या ओळी वाचून होते. पान उघडताना ते करू नये. आम्ही पान नंबर काढणार म्हटल्यावर कचेरीत थोडी कुरकुर झाली. मग विचारलं, ३४० व्या पानावर तुम्ही जाता तरी कशाला? उत्तर आलं, "बारा एप्रिलच्या पेट्या बघायला." म्हणजे हवी होती तारीख, आणि पान नंबर अंदाजाने दाबत तिथवर पोचायचे. आता वर तारीख निवडायची सोय आहे, खाली फक्त "मागे" आणि "पुढे". "मागे"साठी आधीच्या पानांच्या खुणा ब्राउझरमध्ये एकावर एक रचून ठेवतो.

पायरी ११: सगळंच बाहेर काढायचं असेल

हंगाम संपल्यावर पूर्ण टेबल काढायचं असतं. तिथे खुणेपेक्षा टोकनांचा पल्ला उपयोगी. टोकनांचे शेकडो तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर टोकनची खालची आणि वरची मर्यादा लावून क्वेरी चालवा, आत ड्रायव्हरला पानं पाडू द्या, आणि तुकडा पूर्ण झाला की नोंद करा. वीज गेली तर राहिलेल्या तुकड्यांपासून पुन्हा. फक्त "शेवटच्या टोकनपेक्षा मोठा" आणि लिमिट अशी जोडी हाताने करू नका. एका पार्टिशनच्या सगळ्या ओळींचा टोकन एकच असतो, लिमिट मधेच तुटलं तर त्या पार्टिशनच्या उरलेल्या ओळी उडी मारून सुटतात.

तपासायचं कसं

पानाचा आकार ५० ठेवून चाचणी केली तर काहीच सापडत नाही. आकार २ ठेवा आणि सात नोंदी घाला: त्यातल्या तिघींची वेळ मिलिसेकंदापर्यंत एकच, एक मध्यरात्री बारा वाजून एका मिनिटाची, दोन वेगळ्या केंद्रांच्या, एक तीन दिवस आधीची. सगळी पानं उलटून लेबलं गोळा करा. सात यायला हवीत, प्रत्येक एकदाच. मग नोंदी आठ करा, म्हणजे शेवटचं पान बरोबर भरतं, आणि बघा की "पुढे" बटण उगाच उरत नाही. मग पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मधे वर एक नवी नोंद घाला, आणि पुन्हा मोजा.

काकांच्या दोन पेट्यांचं उत्तर द्यायला मी विजयदुर्गाला गेलो होतो. दोनदा दिसलेली त्यांना लगेच पटली. गिळलेली पेटी ट्रकच्या कागदी पावतीवर होती, तिथून लेबल घेऊन नोंद पुन्हा घातली. "म्हणजे कागद बरो," ते म्हणाले, आणि चहा आत सांगितला.